आवाज न करणारा कॅमेरा

समोर टेबलावर मी दोन कॅमेरे ठेवलेत. मागच्या रांगेला दिसणार नाहीत कदाचित, पण ऐकू येतील. हा पहिला. (शटरचा आवाज.) आला ना शेवटपर्यंत? आता हा दुसरा. लक्ष देऊन ऐका. झालं. तुमचे वीसेक फोटो काढून झाले, आणि सभागृहात कुणाची मान वळली नाही.

आयोजकांनी मला विषय दिला तो असा, की वृत्तछायाचित्रकाराचं काम कसं चालतं ते सांगा, आपत्तींचे अनुभव सांगा, आणि तरुण मुलं येणार आहेत तर शेवटी नव्या कॅमेऱ्यांबद्दलही बोला. म्हणजे दीड तासात तीन भाषणं. मी ती तीन करणार नाही, एकच करणार आहे. कारण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत माझ्या हातातलं यंत्र जसजसं बदललं, तसतसा समोरच्या दुःखी माणसाशी असलेला माझा व्यवहारही बदलला. ते मला फार उशिरा कळलं, आणि ज्या प्रसंगातून कळलं तो सांगायला आज आलोय. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे तुम्हाला माहीत आहे. मी रात्रभर लक्ष्मी रस्त्यावर होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माझ्यासमोर ढोल वाजत होते. सकाळी बातमी आली. घरी जाऊन कपडे बदलायलाही वेळ नव्हता, अंगावर गुलाल तसाच. पिशवीत मिरवणुकीतून उरलेले नऊ रोल होते. नऊ रोल म्हणजे नऊ छत्तीस ३२४ फोटो. आजची मुलं तेवढे एका वाढदिवसाला काढतात.

पोहोचेपर्यंत अंधार पडला. खरं काम दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, आणि तेही पावसात. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची बावन्न गावं पडलेली. मेलेल्यांचा आकडा पुढे दहा हजारांच्या आसपास गेला. इतकी माणसं का गेली ते गावात पाऊल ठेवलं की कळायचं. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, पण दगड मातीत बसवलेले. वर लाकडी माळवद, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून केलेली ही रचना. जमीन हलली तसे भिंतींचे दगड सुटले आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली.

आता हे फोटोत कसं दाखवायचं? नव्या मुलांची इथे नेहमी चूक होते. ढिगारा मोठा दिसतो म्हणून ते मागे सरकतात आणि रुंद लेन्सने सगळं गाव एका चौकटीत घेतात. छापून आल्यावर तो दगडांचा ढीग दिसतो, बस. खडीचा क्रशरही तसाच दिसतो. डोळ्याला माप लागतं. ढिगाऱ्यात एक पितळी घागर दिसली, पाळण्याची दोरी दिसली, आदल्या दिवशीच्या गणपतीच्या आराशीचा रंगीत कागद दिसला, की मग बघणाऱ्याला कळतं की इथे घर होतं. मी पहिले दोन रोल दगडांवरच घालवले. तिसऱ्या रोलपासून अक्कल आली.

त्या दिवशी एक गृहस्थ ढिगाऱ्यासमोर उकिडवे बसले होते. मी चार फुटांवर. माझ्याकडे २८ मिलिमीटरची लेन्स होती, तिने लांबून काही हाती लागत नाही, जवळ जावंच लागतं. मी फोटो काढला. हाच कॅमेरा, निकॉनचा एफएम-२. आवाज तुम्ही आत्ता ऐकलात. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा खाली घेतला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मीही बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काढा की. कुणाला तरी दिसू द्या." मग मी दुसरा फोटो काढला. छापला तो दुसरा.

मी काही फार सभ्य होतो अशातला भाग नाही. कॅमेऱ्याने आवाज केला म्हणून त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं म्हणून मला थांबावं लागलं.

पुढचं ऐका. दुपारी सगळे रोल घेऊन सोलापूर. तिथे लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओवाल्यांनी स्वतःचं काम बाजूला सारून त्यांची डार्करूम मला दिली. चारशे एएसएची, म्हणजे आता ज्याला आपण आयएसओ म्हणतो ती, ट्राय-एक्स फिल्म मी ढगाळ उजेडामुळे सोळाशेवर ओढली होती. फिल्म ओढली की डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवावी लागते आणि दाणा जाड येतो. धुतली, हायपोत घातली, दोरीवर वाळत टाकली. मग एकेक निगेटिव्ह लाल दिव्याखाली बघायचं आणि कुठलं छापायचं ते ठरवायचं. रात्रीच्या गाडीने प्रिंटचं पाकीट पुण्याला. फोटो काढल्यापासून वाचकाच्या हातात पडेपर्यंत दीड-दोन दिवस गेले.

त्या दीड-दोन दिवसांत काय काय झालं ते बघा. मी शांत झालो. ट्रेमधल्या पाण्यात मेलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू वर येताना मी पाहिला, आणि हा छापायचा नाही असं स्वतःशी ठरवलं. ऑफिसात संपादकांनी पाहिला, त्यांनी आणखी दोन बाजूला काढले. आणि मुख्य म्हणजे, ज्यांचे नातेवाईक गेले होते त्यांच्यातल्या बहुतेकांना तोवर कळलं होतं. त्या काळी आम्ही या उशिराला शिव्या द्यायचो. तो काही कामाचा आहे हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

किल्लारीच्या आधी नऊ वर्षं, भोपाळ. डिसेंबर १९८४. मी तिथे नव्हतो, तेव्हा मी शिकत होतो, पण आमच्या धंद्यातला प्रत्येकजण ते दोन फोटो मनात घेऊन फिरतो. पुरल्या जाणाऱ्या एका लहान मुलाचा मातीतून दिसणारा चेहरा. एक रघू राय यांचा, कृष्णधवल. दुसरा पाब्लो बार्थोलोम्यू यांचा, रंगीत. त्याला १९८४चा वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर हा सन्मान मिळाला. ते मूल कुणाचं हे कधीच कळलं नाही. जगभर गेलेला चेहरा, आणि नाव नाही. हे फोटो काढायला नको होते असं मी म्हणणार नाही. ते नसते तर भोपाळ हा नुसता एक आकडा राहिला असता. पण त्या चेहऱ्याची आई हयात असेल आणि तिने तो फोटो कुठेतरी भिंतीवर पाहिला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता डिजिटल. १९९९मध्ये निकॉनचा डी-वन आला. पावणेतीन मेगापिक्सलच्याही किंचित आत. आजचा साध्यातला साधा फोन त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण वर्तमानपत्राला ते पुरायचं, कारण आमची छपाई ठिपक्यांची आणि कागद जाडाभरडा. डार्करूम गेली, रसायनांचा वास गेला. मी खूश होतो. खोटं कशाला बोलू, हायपोने माझी नखं कायमची पिवळी झाली होती.

२६ जुलै २००५ला मी मुंबईत होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही. त्यामुळे दक्षिण मुंबईत बसलेल्या लोकांना उपनगरात काय चाललंय ते संध्याकाळपर्यंत नीट उमगलं नव्हतं. मी कुर्ल्याच्या बाजूला गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅमेरा. फोटो आहेत, कार्डात आहेत, आणि पाठवता येत नाहीत. वीज नाही, मोबाईल लागत नाही, लॅपटॉप बंद. शेवटी कार्ड खिशात घालून पहाटेपर्यंत चालत ऑफिस गाठलं. म्हणजे तंत्र नवीन, पण फोटो पोहोचला पायीच. फिल्म असती तरी तेवढाच वेळ लागला असता.

या ठिकाणी तरुणांसाठी एक कामाची गोष्ट सांगतो, कारण हे कुठल्या माहितीपत्रकात नसतं. पावसात भिजून कॅमेरा मेला तर लगेच कळतं. लेन्स मात्र हळूहळू मरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवली की आतल्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती काढता येते, पण काचेवरचा थर खराब झालेला असतो. म्हणून लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि पुड्या अधूनमधून गरम करून वाळवा. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढायला जाऊ नका. काचेवर बाष्प धरतं. दहा मिनिटं पिशवी बंदच राहू द्या, तोवर चहा प्या.

बरं, वळतो मूळ मुद्द्याकडे. २००५नंतर पाच-सात वर्षांत राहिलेल्या अडचणीही गेल्या. फोनचं नेटवर्क डोंगरात पोहोचलं. कॅमेऱ्यातून फोनवर आणि फोनवरून ऑफिसात, अर्ध्या मिनिटाचं काम.

अशाच एका पावसाळ्यात दरड कोसळली. गाव सांगत नाही, जिल्हाही नाही, कारण ते कुटुंब अजून तिथेच राहतं. बचावाचं काम चालू होतं. चिखलातून एका बाईंचा देह काढत होते. आमच्यात नियम असतो, चेहरा दाखवायचा नाही. मी तो पाळला. फक्त हात घेतला. चिखलात मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, हिरव्या बांगड्या, एक फुटलेली. मला वाटलं, किती संयमाने काढलाय आपण. खरं सांगतो, मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं. लगेच पाठवला. पंधरा-वीस मिनिटांत तो वेबसाइटवर होता.

त्या हातावर गोंदण होतं. नाव गोंदलेलं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर मला ते चिखलाच्या डागासारखं दिसलं. डेस्कवर कुणी मोठं करून पाहिलं नाही. पण फोटो चोवीस मेगापिक्सलचा, आणि साइटवर तो तसाच्या तसा चढवलेला. फोनवर दोन बोटांनी ताणला की नाव स्वच्छ वाचता येत होतं.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. त्या बाईंचा भाऊ, मुंबईत कामाला. ऑफिसातून माझा नंबर मिळवला होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "साहेब, आम्ही अजून सापडायची वाट बघत होतो हो. आईनं मोबाईलवर वाचलं."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. फोटो काढून टाकायला सांगितलं, तो तासाभरात निघाला. पण तोपर्यंत तो व्हॉट्सॲपवर गेला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात पूर आला तेव्हा तोच हात माझ्याच फोनवर पुन्हा आला, दुसऱ्याच गावाच्या नावाने, खाली हात जोडल्याची खूण. कुणीतरी मला सहानुभूतीने पाठवला होता.

त्या दिवसापासून मी मागे वळून बघायला लागलो की नेमकं काय बदललं. मी तोच होतो. नियमही तोच होता, चेहरा दाखवायचा नाही. किल्लारीत हाच फोटो काढला असता तर काय झालं असतं? फिल्मचा जाडा दाणा आणि वर्तमानपत्राचे ठिपके यांत ते नाव कधीच वाचता आलं नसतं. डार्करूममध्ये पंधरा मिनिटं त्याच्यासमोर उभा राहिलो असतो, तेव्हा गोंदण दिसलं असतं. आणि छापून यायच्या आत आईला कुणीतरी घरी येऊन, शेजारी बसून सांगितलं असतं. माझ्या हातून घडू शकणारी चूक तीन ठिकाणी अडली असती. नव्या यंत्राने तिन्ही अडथळे काढून टाकले, आणि आम्ही त्याला प्रगती म्हणून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता हा दुसरा कॅमेरा. आरसा नसलेला, मिररलेस. याच्यात काय काय गेलंय बघा. एक, अंधार गेला. माझ्या ट्राय-एक्सचा मूळ वेग चारशे. हा बारा हजार आठशेला छापण्याजोगा फोटो देतो, म्हणजे बत्तीसपट कमी उजेडात काम होतं. आधी रात्री फ्लॅश मारावा लागायचा आणि सगळ्यांना कळायचं. आता मदत छावणीत एका बल्बच्या उजेडात झोपलेल्या माणसाचा फोटो त्याला न उठवता निघतो. दोन, आवाज गेला. याचं कारण साधं आहे. जुन्या कॅमेऱ्यात आरसा वर उडतो आणि शटरचे पडदे धावतात, तो आवाज. यात आरसा नाहीच, आणि पडद्याऐवजी सेन्सर विजेनेच चालू-बंद होतो.

यात एक तांत्रिक भानगड आहे. बहुतेक सेन्सर सगळा फोटो एकदम वाचत नाहीत, वरून खाली एकेक ओळ वाचतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. आपल्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतं. ज्या ओळी मंद क्षणी वाचल्या त्या काळपट येतात आणि फोटोवर आडवे पट्टे पडतात. शाळेतल्या छावणीत असे माझे दोनशे फोटो वाया गेलेत. पूर्ण सेन्सर एका क्षणात वाचणारा कॅमेरा सोनीने २०२३मध्ये आणला, त्यात ही अडचण नाही. महाग आहे. आणि महागाचं निघालंच आहे तर सांगतो, आपत्तीच्या फोटोंवर कुणाचं घर चालत नाही. माझी प्रत्येक लेन्स लग्नसराईतून आलीय.

आवाज नाही याचे फायदे आहेतच. सवाई गंधर्वच्या मंडपात आलापी चालू असताना शटर वाजलं की पहिल्या दोन रांगांतल्या माना अशा वळायच्या, की जमिनीत शिरावंसं वाटायचं. तिथे हा कॅमेरा वरदान आहे.

पण तिसरी गोष्ट मला सगळ्यात विचित्र वाटते. नव्या कॅमेऱ्यांत अशी सोय आहे, की बटण अर्धं दाबून ठेवलं की तो सतत फोटो काढत आणि पुसत राहतो. पूर्ण दाबलं, की त्याच्या आधीच्या अर्ध्या-एक सेकंदाचे फोटोही ठेवतो. उडणाऱ्या पक्ष्यासाठी हे फार छान. माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो? मी फोटो काढायचं ठरवण्याआधीच तो काढलेला असतो.

मघाशी म्हटलं ना, तो हात दुसऱ्या गावाच्या नावाने फिरला. यावरही उपाय निघतोय. २०२३मध्ये लायकाने एम-११ पी हा कॅमेरा काढला. त्यात फोटोबरोबरच एक डिजिटल सही नोंदली जाते, म्हणजे हा कुठल्या कॅमेऱ्याने, कधी काढला आणि पुढे कुणी काय बदललं, ते तपासता येतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले पुराचे फोटो फिरायला लागल्यावर याची गरज आहेच. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवरून गेला की सोबतची बरीचशी माहिती गळून पडते. आणि सही खरी असली तरी खालची ओळ खोटी असू शकते. २६ नोव्हेंबर २००८ला सेबॅस्टियन डिसूझा यांनी सीएसटी स्टेशनात जाऊन कसाबचा फोटो काढला. तो खटल्यात पुरावा ठरला, कारण ते स्वतः न्यायालयात उभे राहिले आणि हा मी काढला असं सांगितलं. यंत्राच्या सहीने ते काम होईल का, मला शंका आहे.

चिठ्ठ्या आल्यात, त्यांतल्या निम्म्या एकाच प्रश्नाच्या. फोटो काढण्याऐवजी मदत का करत नाही? हा प्रश्न केव्हिन कार्टर यांना सगळ्या जगाने विचारला होता, सुदानमधल्या त्या मूल आणि गिधाडाच्या फोटोवरून. १९९४मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःला संपवलं. मी माझ्यापुरतं सांगतो. जिथे माझ्या दोन हातांनी फरक पडतो तिथे कॅमेरा पिशवीत जातो. कुर्ल्यात मी तीन तास एकही फोटो काढला नाही, दोरी धरून उभा होतो. जिथे प्रशिक्षित माणसं काम करतायत तिथे माझी लुडबुड त्यांना नकोच असते. माळीणला जुलै २०१४मध्ये डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. तिथे चिखलात एक पाऊल चुकीचं पडलं तरी खालच्याला धोका. तिथे माझी मदत म्हणजे बाजूला उभं राहणं.

आणखी एक चिठ्ठी आहे, आता तुम्ही काय वेगळं करता. फार काही नाही. दरडीच्या, पुराच्या ठिकाणी मी या नव्या कॅमेऱ्याचं मूक शटर बंद ठेवतो आणि यांत्रिक शटर वापरतो. तेही खूप हळू वाटतं म्हणून जवळून काढताना हा जुना सोबत असतोच. ऑफिसला पाठवायची फाइल लहान करूनच पाठवतो, मूळ फाइल माझ्याकडे. आणि मृतदेहाचा कुठलाही भाग असलेला फोटो असेल तर पाठवण्याआधी लॅपटॉपवर पूर्ण मोठा करून कोपरान् कोपरा बघतो. बांगड्या, गोंदण, ताईत, शर्टाचा खिसा, पायातल्या चपला. यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. तेवढ्यात इतरांचे फोटो येऊन गेलेले असतात आणि माझा कुणाला नको असतो. त्यावरून ऑफिसशी माझं दोनदा भांडण झालंय.

त्या भावाला मी वर्षभराने भेटायला गेलो होतो. घरी चहा झाला. आई आतल्या खोलीत होत्या, बाहेर आल्या नाहीत. निघताना त्यांनी विचारलं, त्या दिवशी तिचा आणखी काही फोटो काढला होता का? मी म्हटलं, नाही. काढले होते, सहा. ते अजून माझ्याकडे आहेत, एका हार्ड डिस्कवर. पुसलेले नाहीत. का, ते मला विचारू नका. आणखी काही प्रश्न असतील तर घेऊ.